लाईट गेली की

जिंतूरला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान,
सहा बाय आठ.
मशीनमागच्या खिळ्याला एक पिशवी,
पिशवीत वाकळ.
लाईट गेली की ती बाहेर येते.

लाईट असते तोवर हात माझे नसतात.
आधार पाठपोट, सातबारा दोन प्रती,
टीसी, उत्पन्नाचा दाखला,
कुणाच्या तरी मृत्यूचा दाखला –
"ताई, पाच काढा, बँकेतबी मागतेत."
ऊन ऊन कागद हातात देते,
नावं आता वाचत नाही.

मग पंखा हळू होतो,
मशीन एक उसासा टाकून गप्प बसतं.
रांगेतली माणसं महावितरणला जमेल तशी शिवी वाहून
चहाच्या गाड्याकडं सरकतात.
मी सुई शोधते.
मागच्या वेळी घाईत टोचली होती कॅलेंडरात,
संकष्टीच्या चौकोनात बहुतेक.

राजनंदिनी झाली तेव्हा घेतली होती शिवायला.
भावाची पहिली लेक, सेलूला.
हातभर दुपटं, बारशाला द्यायचं,
कितीसं काम!
बारसं नेमकं पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात आलं.
बाजारातून वाळे घेतले, वेळ मारून नेली.
म्हटलं, वाढदिवसाला देऊ.
वाढदिवसापर्यंत पोरगी लांब झाली.
पाय उघडे पडतील म्हणून कडेनं एक पट्टी जोडली,
पुढल्या साली आणखी एक.
तशी ही वाकळ तिच्या उंचीमागं चालत राहिली,
कायम एक वीत मागं.

एक पट्टी माझ्या कॉलेजातल्या ओढणीची.
एक दुकानाच्या जुन्या कापडी बोर्डाची,
त्यावर अजून 'लॅमिने' एवढं वाचता येतं.
आणि मधोमध शेजारच्या नसरीन आपांनी दिलेला तुकडा,
त्यांच्या मुलीच्या शराऱ्यातला, जरीचा.
"मधी लावा, लेकराला चमकी आवडती."
अंगाला टोचेल म्हणून मी तो उलटा लावला.
चमक आतल्या बाजूला आहे.
नंदीला ठाऊक नाही.

आई म्हणायची, टाका ज्वारीच्या दाण्याएवढा पडावा.
माझे ज्वारीएवढे चार,
मग एकदम तुरीच्या शेंगेएवढा.
लांब टाका दिसला की समजावं,
इथं लाईट आली होती.
एका ठिकाणी तर दोरा नुसताच सोडलाय,
गाठ नाही, काही नाही;
त्या दिवशी पोलीस भरतीचे फॉर्म होते,
पोरं शटर लावू देत नव्हती,
रात्री भाकरीसुद्धा जावेनं थापली.

आता नंदी तिसरीत.
दिवाळीच्या सुट्टीत दुकानात येऊन बसली.
दुपारी लाईट गेली तशी
तिनं वाकळ अंगावर ओढून बघितली.
घोटे बाहेर.
"आत्या, ही कधी होणार?"
मी तोंड उघडेपर्यंत ट्यूब फडफडली,
मशीन खाकरलं,
गाड्यावरची माणसं अर्धा चहा टाकून परत रांगेत.

मी उठले. ती उठली नाही.
कुणाच्या तरी रेशनकार्डाची प्रत काढता काढता बघितलं:
तिनं सुई उचलली,
बोटाला टोचून घेतली,
बोट चोखलं,
आणि घातला एक टाका,
तिरपा, वीतभर, बैलाच्या वेसणीसारखा पक्का.
मी तो उसवला नाही.

भाऊ म्हणतो, इन्व्हर्टर घे गं, किती गिऱ्हाईक जातं.
बरोबर आहे त्याचं.
बसस्टँडजवळच्या दुकानातून कोटेशन आणलंय,
बॅटरीसकट, हप्त्यानं.
ड्रॉवरात आहे, चार घड्या घालून.
चांगला जाड कागद.
सुया त्यालाच खोचून ठेवते आता,
हरवत नाहीत.